पेटी येते, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. मारिओ या व्हिडिओ गेमचं संगीत पियानोवर शिकता येईल का?

येईल. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेल का, यूट्यूबवरचे रंगीत पट्ट्या वरून पडणारे व्हिडिओ बघून शिकावं का, आणि सुरुवात मारिओपासून करावी का. कीबोर्ड पुरेल, फक्त पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होतो ना, एवढं तपासा. व्हिडिओ निम्म्या कामाचे. मारिओ मात्र थोडा नंतर घ्या.

मीही पेटीवरूनच पियानोकडे आलो. उजव्या हाताला चाल लगेच सापडते, कानाने वाजवायची सवय असतेच. अडतो तो डावा हात, कारण त्याने आयुष्यभर भाता ओढलेला असतो. गेमच्या संगीतात तर खालच्या स्वरांची ओळ चालीइतकीच महत्त्वाची असते.

निन्टेंडोच्या गेम-यंत्रावरच्या १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत कोजी कोंडो यांचं. (नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून त्या यंत्राच्या नकला घरोघरी आल्या आणि त्यांच्या 'कॅसेटी'ही.) त्या यंत्रात चालीसाठी मुख्यतः तीनच आवाज होते, शिवाय ठेक्यासाठी खरखर. कोंडो लहानपणी इलेक्टोन शिकले. तो यामाहाचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन. त्यात चाल उजव्या हाताला, साथ डाव्याला आणि खर्जातले स्वर पायाने. तीन आवाजांत विचार करणं त्यांना जड गेलं नसावं, असं मला वाटतं. पियानोवर पायाखाली स्वर नाहीत, म्हणून तीन ओळी दोन हातांत वाटून घ्याव्या लागतात. खरी मेहनत तिथे आहे.

उदाहरणार्थ सुरुवातच घ्या. पांढरी एकचा (म्हणजे C चा) सा धरला तर 'ग ग ग सा ग प' आणि मग खालचा प. सोपं वाटतं. पण पहिल्या पाच स्वरांखाली सतत तीव्र म आणि त्याच्याही खाली रे वाजत असतात. त्या गमतीदार ताणामुळेच ती सुरुवात कान पकडते. यातला रे डाव्या हाताला द्यायचा आणि तीव्र म उजव्याच हाताच्या अंगठ्याने. पेटीवाल्यांचा अंगठा काळ्या पट्टीवर जायला कुरकुरतो, त्याला हळूहळू वळण लावा. पुढे 'ध, नी, कोमल नी, ध' यातले पहिले तीन स्वर मात्रेवर पडतच नाहीत, दोन मात्रांच्या मधोमध पडतात. लगेच दोन मात्रांच्या जागेत तीन स्वर येतात. आणि हे सगळं भलत्या वेगात! म्हणून म्हटलं, नंतर.

आधी टेट्रिस या गेमची धून घ्या. १९८९ च्या गेम बॉयवरची (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) ती प्रसिद्ध धून मुळात 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत आहे. लोकगीत असल्यामुळे चाल गळ्यात बसते. पांढरी सहाचा (म्हणजे A चा) सा धरा: 'प रे ग म ग रे, सा सा ग प म ग', सगळे ग कोमल. डाव्या हाताने पहिल्या चार मात्रा प, पुढच्या चार सा. तोच स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात आलटून पालटून. एवढ्यावर दोन्ही हात एकत्र चालायला लागतात.

त्यानंतर माइनक्राफ्ट या गेममधली 'स्वीडन' नावाची धून. बोटांना फारसं काम नाही, पण पेटीवर जे शिकायला मिळत नाही ते इथे मिळतं. पेटीवर पट्टी दाबून भाता चालू ठेवला की सूर टिकतो. पियानोवर तो वाजल्या क्षणापासून विरत जातो. तो किती जोरात काढायचा आणि पेडलने किती धरायचा, हे संथ धुनेतच कळतं.

व्हिडिओबद्दल. कोणती पट्टी दाबायची ते त्यात दिसतं, कोणत्या बोटाने ते बहुतेकदा दिसत नाही. बघून वाजवलेलं डोळ्यांना पाठ होतं, व्हिडिओ बंद केला की हात थांबतो. वेग निम्मा करा, चार मात्रांचा तुकडा बघा, व्हिडिओ बंद करून आधी डावा हात एकटा वाजवा, तोंडाने चाल गुणगुणत. मग उजवा जोडा. स्टाफ नोटेशनही सोबत शिकत राहा. तुम्हाला स्वर कळतातच, फक्त चिन्हं नवी आहेत. घाई करू नका, पण टाळूही नका.

शेवटची अडचण कोणी आधी सांगत नाही: या धुना संपतच नाहीत. खेळणारा टप्पा पार करेपर्यंत फिरत राहाव्यात म्हणूनच त्या केल्यात, त्यामुळे चार लोकांसमोर वाजवताना थांबायचं कुठे हा प्रश्न येतो. मारिओपुरतं उत्तर गेममध्येच आहे. टप्पा पूर्ण झाल्यावर वाजणारी छोटी धून शेवटी जोडा: आधी सा, मग कोमल ध, मग कोमल नी यांच्यावरचे मेजर कॉर्ड (प्रत्येक स्वराला सा मानून त्याचे सा, शुद्ध ग, प) सुटे सुटे चढवत न्यायचे आणि वरच्या सावर थांबायचं.