आर्गॉनमध्येही कार्बन मोनॉक्साइड का येतो?

प्रश्न : प्रकाशाच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड करणारा उत्प्रेरक म्हणून, मेलामाइन ५५० अंश सेल्सिअसला चार तास भाजून कार्बन नायट्राइड तयार केले. त्याची ५० मिलिग्रॅम पिवळी भुकटी पाण्यात टाकून, कार्बन डायऑक्साइड सोडून झेनॉन दिव्याखाली ठेवली. पाच तासांत १.२५ मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड मिळाला. पण कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडला तरी जवळपास तेवढाच येतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यावर उतरतो. उत्प्रेरक सुधारण्यासाठी काय करू?
– एक एम.एस्सी. विद्यार्थिनी

उत्तर : आर्गॉनची चाचणी घेतलीत हे उत्तम केलेत, पुष्कळ जण ती टाळतात. आर्गॉनमध्ये कार्बन नाही, म्हणजे हा कार्बन दुसरीकडूनच येतो. १.२५ मायक्रोमोल म्हणजे अवघा १५ मायक्रोग्रॅम कार्बन, तुमच्या भुकटीच्या वजनाच्या ०.०३ टक्के. एवढा कार्बन अर्धवट भाजलेल्या मेलामाइनमधून, झाकणाच्या ग्रीसमधून, बोटाच्या तेलातूनही येतो. दुसऱ्या दिवशीची घट हेच सांगते : साठा संपत चालला आहे.

म्हणून आधी स्वच्छता. भुकटी गरम पाण्याने धुवा, वाळवा, मग उघड्या बशीत पातळ पसरून हवेत ५०० अंशांना दोन तास भाजा. उरलेला कचरा जळतो, थर सुटे होतात, पृष्ठफळ वाढते. वजन बरेच घटेल, रंगही फिकट होईल, घाबरू नका. ६०० अंशांकडे मात्र नेऊ नका, पदार्थच विघटित होऊ लागतो. नंतर भांड्यात ओल्या आर्गॉनखाली दिवा लावून ठेवा आणि दर तासाला नमुना घ्या. आकडा खाली येऊन स्थिर झाला की मगच कार्बन डायऑक्साइड सोडा. दिव्याने पाणी तापते, त्यामुळे भांड्याभोवती थंड पाणी फिरते ठेवा.

खरा निकाल कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड समस्थानिक) असलेल्या कार्बन डायऑक्साइडनेच लागतो. वस्तुमान वर्णपटात कार्बन मोनॉक्साइड २९ला दिसला तर तो तुमच्या वायूतला. २८ला दिसला तर जुना कार्बन, किंवा झिरपलेल्या हवेतला नायट्रोजन. सोबत ऑक्सिजनही मोजा. नुसते पाणी वापरले असेल, तर दोन रेणू कार्बन मोनॉक्साइडमागे ऑक्सिजनचा एक रेणू निघायला हवा. ट्रायइथॅनॉलअमाइन (इलेक्ट्रॉन पुरवायला घालतात ते सेंद्रिय रसायन) घालून आकडा फुगवू नका. ते स्वतःच विघटित होऊन कार्बनी पदार्थ देते.

सुधारणा त्यानंतर. मेलामाइनऐवजी युरिया घ्या : झाकलेल्या मुशीत, मिनिटाला पाच अंश वाढवत ५५० पर्यंत. पृष्ठफळ कितीतरी अधिक मिळते, पण दहा ग्रॅम युरियातून जेमतेम अर्धा ग्रॅम हाती येतो. अमोनिया भरपूर सुटतो, तेव्हा भट्टी धूर-कपाटाखालीच हवी. प्लॅटिनम चढवण्याची घाई नको. त्यावर पाण्यातला हायड्रोजनच आधी सुटतो.

प्रश्न : टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आणि टिकाऊ असताना हा खटाटोप कशाला?

उत्तर : अ‍ॅनाटेज रूपाची पट्टफट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या अलीकडचा अतिनील प्रकाशच त्याला चालतो. उन्हात तो पाचेक टक्के. कार्बन नायट्राइडची पट्टफट २.७, ते ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही शोषते.