बाइक जहाजाने पाठवू की तिथेच भाड्याने घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच परदेशात बाइकवरून फिरायला जायचं आहे. सुट्टी २४ दिवसांची, यादीत सात देश. आपलीच बाइक तिकडे पाठवायची, त्याआधी जुनी विकून कर्जावर मोठी घ्यायची, आणि कमी पडेल ते अडीअडचणीसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून उचलायचं. हे जमेल का?

जमेल हो, पण असं करू नका. सहलीला माझा विरोध नाही. तुम्ही जो हिशेब पाठवलाय त्याला आहे.

बाइक पाठवायच्या तुमच्याच कोटेशनवरून आकडा काढला. बाइक नेण्या-आणण्याचा खर्च तिथल्या ५४ दिवसांच्या भाड्याइतका होतो. तुम्ही राहणार २४ दिवस. म्हणजे स्वतःची बाइक न्यायची तर निम्म्याहून जास्त पैसे न फिरलेल्या दिवसांचे जातात. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ मध्ये ५०० सीसीची ट्रायम्फ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाले आणि चार वर्षांनी परतले. तेवढा मुक्काम असेल तर आपली बाइक हवीच. (आणि बघा, बाइक ५०० सीसीचीच होती, त्याहून मोठी लागली नाही.)

शिवाय ते कोटेशन अपुरं आहे. समुद्रमार्गाच्या दरात पलीकडच्या बंदरावरची हाताळणी, एजंटची फी आणि माल पडून राहिला तर रोजचं गोदामभाडं बहुतेक वेळा धरलेलं नसतं. जहाज आठवडाभर उशिरा आलं की तुम्ही हॉटेलात आणि सुट्टी संपत चाललेली. विमानाने पाठवलं तर वेळ वाचतो, पण तिथे वजनाइतकीच जागाही मोजतात. एक घनमीटर म्हणजे साधारण १६७ किलो, असा हिशेब असतो. सव्वादोन मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच पेटी सुमारे ४२० किलोची धरली जाते, आत २०० किलोची बाइक का असेना. म्हणून जाणती मंडळी पुढचं चाक, हँडल आणि आरसे काढून पेटी लहान करतात. कधीतरी खरंच बाइक न्याल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता कार्ने. काही देश आपली गाडी तात्पुरती आत आणायला 'कार्ने द पासाज' नावाची पुस्तिका मागतात. ही गाडीची सीमाशुल्काची हमी असते, ऑटोमोबाइल क्लबकडून मिळते आणि एक वर्ष चालते. तिची फी तुम्ही खर्चात धरलीय, हमीची रक्कम मात्र धरलेलीच नाही. ती गाडीची किंमत आणि जाणार ते देश बघून ठरते. परत मिळते म्हणून तिला खर्च म्हणता येत नाही, पण तोवर तो पैसा अडकलेला. अडकलेल्या पैशाला अडीअडचणीचा पैसा कसं म्हणायचं? नेमक्या त्याच महिन्यात घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर कागदावर श्रीमंत आणि हातात काही नाही. त्यात एखाद्या सीमेवर बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, तर तो देश सीमाशुल्क मागू शकतो. आणि नवी, महागडी बाइक घेतलीत की ही हमीही वाढते. म्हणजे कर्जाचा हप्ता वेगळा, वर अडकणारी रक्कमही मोठी. जुनीच ठेवा.

भाड्याने घ्या म्हणतोय, पण तिथेही खाचाखोचा आहेत. रोजची किलोमीटरची मर्यादा किती, सीमा ओलांडायची लेखी परवानगी आहे का, नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, आणि टायर विम्यात धरलेत का, हे आगाऊ रक्कम भरायच्या आत विचारा. अनामत क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. माझ्या पहिल्या सहलीत तीच भानगड झाली: कार्डाची अर्धी मर्यादा अनामतीत गेली आणि तिसऱ्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं. तेव्हापासून अनामतीला एक कार्ड, रोजच्या खर्चाला दुसरं. कार्डाच्या यंत्राने 'तुमच्या चलनात घेऊ का?' विचारलं तर नाही म्हणा. तिथल्याच चलनात द्या.

काटकसर कुठेही करा, विम्यात नको. बाइकचा विमा समोरच्याचं नुकसान भरतो. तुमचं मोडलेलं हाड प्रवास विम्यावर. आणि बऱ्याच प्रवास विम्यांत १२५ सीसीच्या वरची दुचाकी वगळलेली असते किंवा तिला जादा हप्ता असतो. घरच्या परवान्यावर त्या वर्गाची दुचाकी नसेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना हातात असूनही दावा फेटाळला जाऊ शकतो, कारण तो मूळ परवान्याचा अनुवाद आहे, नवा अधिकार नव्हे. त्यातही रस्ता वाहतुकीच्या १९४९ आणि १९६८ अशा दोन आंतरराष्ट्रीय करारांचे परवाने वेगवेगळे. व्हिएतनाम १९६८ चाच मानतो. तुमच्या यादीतल्या प्रत्येक देशाचं हे तपासा, आणि पॉलिसीतलं 'काय वगळलंय' हे पान स्वतः वाचा.

हेल्मेट, जॅकेट, बूट स्वतःचे घ्या. ते मापाचेच लागतात. बाजूच्या पेट्या, जादा दिवे, नवीन जीपीएस यांवर आत्ता काही घालू नका. ओपनस्ट्रीटमॅपचे मोफत नकाशे फोनवर उतरवून नेटशिवाय चालतात.

सात देशांचे तीन करा. देश वाढला की विमा, सीमेवरचा अर्धा दिवस आणि चलन बदलण्यातली घट, तिन्ही वाढतात. आणि आधी घराजवळ सलग तीन दिवस, रोज ३०० किलोमीटर, लागेल ते सामान लादून फिरून या आणि पैसा न् पैसा लिहून ठेवा. तुमच्या अंदाजात रोजचं इंधन आणि खाणं फारच स्वस्त दिसतंय. त्या तीन दिवसांचा आकडा मला पाठवा, मग महिन्याला किती बाजूला टाकायचं ते ठरवू. मुदत ठेवीला तोवर हात लावू नका.