लिगामेंटच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, पण गुडघ्यावर भरवसा वाटत नाही. पुन्हा कबड्डी खेळता येईल का?

येईल, शक्यता चांगली आहे. पण आत्ता मॅटवर उतरू नका. मीही चढाईपटू, माझंही एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय, त्यामुळे तुमचं ‘दुखत नाही, तरी भरवसा नाही’ मला अगदी पटलं.

मांडीमागच्या स्नायूची जी शीर (टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून आत बसवतात, ती लगेच लिगामेंटचं काम करू लागत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ती उलट कमजोर होते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, हळूहळू तिची घडण बदलते. याला वर्ष लागतं, कधी जास्तही. दुखणं मात्र कितीतरी आधी थांबतं, म्हणून तुमचा आत्ताचा काळ सगळ्यात फसवा. नॉर्वेतल्या २०१६च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्म्याने घटलेला दिसला.

पण नुसते महिने मोजून भागत नाही. फिजिओकडून दोन्ही मांड्यांची ताकद मशीनवर मोजून घ्या. ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. एका पायावर उडी मारताना मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा. पाय टेकताना गुडघा आत झुकत असेल, तर अजून व्यायाम बाकी आहे.

आपल्या खेळात आणखी एक अडचण आहे. चढाईत कोपरारक्षक घोटा धरतो, पाय जागीच अडकतो आणि आपण मध्यरेषेकडे वळतो. हा पीळ थेट गुडघ्यावर येतो. म्हणून आधी एकट्याने पदलालित्य, मग रिकाम्या मैदानात चढाई, मग फक्त स्पर्श करणारे बचावपटू. घोट्याची पकड अगदी शेवटी, तीही विश्वासू सोबत्याकडून. पहिल्या पकडीला माझं सगळं अंग आखडलं होतं. ही भीती खरी असते, फिजिओला मोकळेपणाने सांगा, तिच्यावरही काम करता येतं.

ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन मुंबईत जानेवारी २०२३मध्ये झालं, तो आयपीएल खेळला मार्च २०२४मध्ये. त्याच्या दुखापती मोठ्या होत्या हे खरं, पण दिमतीला सगळं असूनही त्याला एवढा वेळ द्यावा लागला. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तुम्ही घाई करू नका, मंडळ कितीही मागे लागलं तरी.

आणि भरवसा नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते बघा. चालताना गुडघा खरोखर निसटत असेल, अडकत असेल किंवा व्यायामाची सूज दुसऱ्या दिवशीही उतरत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा.