आइस हॉकीतला निकलस लिडस्ट्रॉम मारामारी न करता एवढा मोठा डिफेन्समन (बचावपटू) कसा झाला? स्वीडिश डिफेन्समनचं करिअर साधारण कसं घडतं?

'मारामारी न करता' हे वाचलं आणि टाळकं सटकलं, कारण हेच वाक्य मी माझ्या साडूच्या तोंडून दर ख्रिसमसच्या सुट्टीत ऐकतो. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला, ते मिसिसागाला, गाडीने चारेक तास, त्यामुळे जाणंयेणं आहे आणि जेवणं उरकली की हा विषय निघतोच. त्याचं म्हणणं, खरा स्वीडिश डिफेन्समन म्हणजे टोरांटोचा बोर्ये सालमिंग, लिडस्ट्रॉम काय नुसता सभ्य माणूस, तगड्या टीममध्ये पडला म्हणून एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मुख्य हॉकी लीगचे, कप मिळाले.

सभ्य तर सभ्य! 20 सीझन, 1564 मॅच, सगळ्या आमच्या डेट्रॉइटच्या रेड विंग्जकडून, आणि एवढ्या मॅचेसमध्ये पेनल्टीची, म्हणजे फाउलसाठी बाहेर बसायची, मिनिटं फक्त 514. म्हणजे मॅचमागे वीसेक सेकंद, तेही समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी लाइनपुढे, म्हणजे फॉरवर्डच्या तिकडीपुढे, रोज उभा राहून. माझं स्पष्ट मत आहे की ज्या डिफेन्समनला दरवेळी धडक मारावी लागते तो बहुतेक वेळा जागेवर उशिरा पोचलेला असतो.

एकदा साडूला मुद्दाम डेट्रॉइटच्या जो लुई अरीनात नेलं होतं, वरच्या स्वस्तातल्या सीटवर. टीव्हीवर कॅमेरा पकच्या (खेळातल्या चकतीच्या) मागे धावतो त्यामुळे लिडस्ट्रॉम कळतच नाही, तो वरून बघायचा माणूस. समोरून फॉरवर्ड फुल स्पीडमध्ये येतोय आणि हा उलटा स्केट करत मागे मागे सरकतोय, अंगावर जायचं नाव नाही, फक्त स्टिक पुढे बर्फाला टेकवून मधली वाट बंद केलेली, त्यामुळे तो बिचारा आपसूक कडेच्या बोर्डकडे सरकतो, आणि तिथे जागा संपली की स्टिकची एक टिचकी, पक याच्याकडे, लगेच पास, खेळ दुसरीकडे गेलासुद्धा. पॉवरप्लेला, म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीत बाहेर असताना, तर आमचा होल्मस्ट्रॉम गोलीच्या नाकासमोर ठाण मांडून बसायचा आणि हा लांबच्या ब्लू लाइनवरून बर्फालगत, पायांच्या गर्दीतून बरोब्बर मारायचा. एवढं सगळं बघून साडू नाचोज खात म्हणतो काय, "अरे पण ह्याने आज काही केलंच नाही." मी तेव्हा तो पाहुणा म्हणून गप्प बसलो, ते आज इथे लिहितोय.

तुमच्या करिअरच्या प्रश्नाचं म्हणाल तर क्लबच्या ज्युनियर टीममधून सिनियरमध्ये, मग ड्राफ्ट, म्हणजे एनएचएलच्या टीम्सनी पाळीपाळीने नवी पोरं निवडणं, हा ठरलेला रस्ता. लिडस्ट्रॉम स्वीडनमधल्या व्हेस्तेरोस क्लबचा, 1989 ला ड्राफ्टमध्ये 53 वा, म्हणजे 52 पोरं त्याच्या आधी उचलली लोकांनी! घाई न करता तो आणखी दोन वर्षं त्याच क्लबकडून खेळला, 1991 ला स्वीडनबरोबर वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून मग इकडे आला आणि पहिल्याच सीझनला 60 पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). हल्ली हेडमन, डालीनसारखी पोरं 18 व्या वर्षी थेट एनएचएलमध्ये खेळतात, पण तो अपवाद समजा, कारण या जागेवर माणूस उशिरा पिकतो. नॉरिस ट्रॉफीत, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम डिफेन्समनच्या बक्षिसात, लिडस्ट्रॉम सलग तीन वर्षं दुसरा आला, पहिली मिळाली 31 व्या वर्षी, आणि नंतर एकूण सात, शेवटची 41 व्या वर्षी. धडका मारून खेळला असता तर 41 ला गुडघे हातात घेऊन घरी बसला असता.

आणि चार कप 'मिळाले' म्हणजे काय हो? 2002 ला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू हाच, तो मान मिळवणारा पहिला युरोपियन. 2006 च्या तुरीन ऑलिंपिक फायनलला फिनलंडशी 2-2, तिसरा पिरियड सुरू होऊन 10 सेकंद होतात न होतात तोच याचा शॉट आत, स्वीडनला गोल्ड. यावर साडूचं उत्तर ठरलेलं, "नशीब." 2002 ला व्हँकुव्हरविरुद्ध रिंकच्या मध्यावरून मारलेला शॉट गोली क्लूटियेला अडला नाही, तो नशिबाचा होता, तेवढा मी सोडून देतो.

अर्थात टीम तगडी होती हे खरंच, यझरमन, फेडोरोव्हसारखे खेळाडू, मागे बोमनसारखा कोच. आणि सालमिंगला मी नावं ठेवत नाहीये हां. किरुनासारख्या पार उत्तरेकडच्या गावातून 1973 ला तो आला तेव्हा स्वीडिश म्हणजे भित्रे असं इथे सर्रास म्हणायचे, मुद्दाम मारायचे, ते सगळं अंगावर घेऊन तो टिकला म्हणून पुढच्यांना दार उघडं मिळालं. 1986 ला आमच्याच डेट्रॉइटच्या एका खेळाडूचं स्केट चुकून त्याच्या चेहऱ्यावर पडलं, दोनशेच्या वर टाके. तोड नाही त्या माणसाला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, जायच्या काही दिवस आधी, आजारी अवस्थेत त्याला टोरांटोच्या बर्फावर आणलं तेव्हा आमच्या घरातही कोणी बोलत नव्हतं.

पण साडूभाऊ वाचत असतील तर एक विसरू नका, टोरांटोत 16 सीझन काढून सालमिंग एनएचएलमधला शेवटचा सीझन कुठे खेळला? डेट्रॉइटला.