रात्री गळ टाकायचाय? आधी मासा ठरवा

मे महिन्यात दारणेच्या बॅकवॉटरला रात्री बसायचंय; अमावस्या बरी की पौर्णिमा, कणीक लावू की गांडूळ, असं तुम्ही विचारलंय. ते सगळं कोणता मासा हवाय त्यावर आहे. रोहू, मृगळ दिवसाही लागतात, त्यासाठी झोप कशाला मोडायची? मरळ बघून झडप घालते, तिला तिन्हीसांजेचा नाहीतर फटफटायच्या वेळचा उजेड लागतो. खरी रात्र शिंगाळ्याची आणि वामीची. हे दोघं वासावर फिरतात, म्हणून आमिष दिसण्यापेक्षा त्याला वास असणं महत्त्वाचं.

वामीला गांडूळच. अख्खं ओवा, शेपटाकडचा बोटभर भाग वळवळता सोडा आणि गळ तळाला टेकू द्या. शिंगाळ्याला कोंबडीची आतडी किंवा काळीज. काळीज मऊ, फेकतानाच गळून पडतं; शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे देऊन बांधा. कणीकच लावायची तर शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळा. आणि डासांचं क्रीम फासलेल्या हाताने आमिषाला शिवू नका! आधी काठावरची माती हातांना चोळून धुवून घ्या. नवखे इथेच चुकतात.

उन्हाळ्यात दिवसभर काठचं उथळ पाणी तापलेलं असतं, अंधार पडल्यावर मासा तिथे चरायला येतो. त्यामुळे लांब फेकायचा सोस सोडा. दिवेलागणीपासून साडेनऊ-दहापर्यंत चांगलं, मग बहुधा थंडावतं. पहाटे पुन्हा बघा, पण पाणवेली माजलेल्या डोहात नको. वनस्पती रात्रभर पाण्यातला प्राणवायू ओढतात, उजाडेपर्यंत तो सगळ्यात कमी होतो आणि मासा सुस्तावतो. चंद्राचं म्हणाल तर मी अंधारी रात्र घेईन, पण चांदणं आहे म्हणून बेत मोडणार नाही. थंडीत मात्र घरीच बसा, निफाडकडचा गारठा ठाऊक आहेच.

बॅटरीचा झोत पाण्यावर मारू नका, काठीला घुंगरू बांधा. शिंगाळा फडक्यात धरूनच सोडवा, कल्ल्यामागचा काटा हात फाडतो.

धरणांतली मासेमारी सहसा सोसायट्यांकडे ठेक्याने असते, आधी विचारून घ्या. नांदूरमधमेश्वर अभयारण्य आहे, तिकडे गळ नेऊच नका. आणि दारणाकाठच्या उसात बिबट्या असतो, एकटे जाऊ नका.