पद्मिनीच्या सायलेन्सरवर ९२ हजार घालू का?

पुण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ४३, खासगी कंपनीत नोकरी, हातात महिना १ लाख १० हजार. वडिलांची १९७४ची प्रीमियर पद्मिनी त्यांनी जपली आहे. रविवारी बाहेर काढतात, वर्षातून दोन-तीनदा लेकीला घेऊन साताऱ्याला जातात, पावसाळाभर झाकून ठेवतात. सायलेन्सर सडलाय. एका फॅब्रिकेटरने अख्खी एक्झॉस्ट सिस्टीम स्टेनलेस स्टीलमध्ये हाताने बनवून द्यायचे ७८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ९२,०४० रुपये सांगितलेत. नेहमीचा सायलेन्सरवाला साध्या लोखंडात जुन्याबरहुकूम १३,५०० मध्ये करून देतो. फॅब्रिकेटर म्हणतो, "गाडीची किंमत लाखाने वाढेल, इन्व्हेस्टमेंट समजा." पत्नी म्हणतात, "एवढ्यात मला सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आली असती." पैशांसाठी १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घ्यावं की एफडी मोडावी, असं त्यांनी विचारलंय. सोबत कोटेशनचा फोटो आणि घरखर्चाचा हिशेबही पाठवलाय.

नमस्कार. हिशेब इतका नीट लिहून पाठवणारे वाचक कमी, त्यामुळे उत्तरही नीट देतो.

ही गुंतवणूक नाही, एवढं आधी पक्कं करू. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात अगदी २००० सालापर्यंत बनत होती. मुंबईत ती टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. म्हणजे गाडी दुर्मिळ नाही. तुमच्या गाडीचं वैशिष्ट्य वेगळं आहे: फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ला पद्मिनी असं तिचं नामकरण होत गेलं, आणि तुमची त्या पहिल्या वर्षातली आहे. अशी गाडी घेणारा माणूस बघतो काय? स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा, मूळची डायल, क्रोम, कागदपत्रं. खाली वाकून पाइप चकचकीत आहे म्हणून लाख रुपये जास्त मोजणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही. उलट मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा ओतीव भाग, कुठे गेला, असं विचारणारा नक्की भेटेल. शिवाय वडिलांची गाडी तुम्ही विकणार नाही आहात, हे तुमच्या पत्रातल्या प्रत्येक ओळीतून कळतं. न विकायच्या वस्तूची वाढलेली किंमत कुठल्या खात्यात जमा करणार?

त्यामुळे हा खर्च आहे. खर्च करू नये असं मी म्हणत नाही. 'हेच ९२ हजार बारा वर्षं फंडात ठेवले तर किती होतील' हे गणित मला मांडता येतं, पण ते मी मांडत नाही. तसं गणित रोजच्या चहाचंही मांडता येतं आणि त्याने कुणाचा चहा सुटलेला नाही.

आता कोटेशन. चार ओळी आहेत: हेडर ३२,०००, पाइप आणि मफलर (आवाज दाबणारा डबा) ३०,०००, पॉलिश आणि डबल टिप १०,०००, बसवणी ६,०००. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीवर काट मारा.

हेडर म्हणजे बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून त्याजागी चार नळ्यांचा जुडगा. तुमचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. शर्यतीच्या गाडीत हेडरने फरक पडतो. इथे पडला तरी तो कात्रजच्या चढावर पायाला जाणवण्याइतका नसेल. पाइप गरजेपेक्षा जाड घेतला तर खालच्या गिअरमधली ओढ कमी होते आणि गाडीत सतत घूं-घूं ऐकू येतं, तो तोटा वेगळाच. पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त उष्णता बॉनेटखाली सोडतात. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला मे महिन्यात घाटात ते नको असतं. पॉलिशबद्दल बोलायची गरज नाही. रविवारी किती लोक तुमच्या गाडीखाली झोपतात?

उरले पाइप, मफलर आणि बसवणी: ३६,०००. जीएसटी धरून ४२,४८०. इथे खरी तुलना सुरू होते. मागचा लोखंडी सायलेन्सर पाच वर्षं टिकला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे १३,५०० भागिले पाच, वर्षाला २,७०० रुपये. स्टेनलेसचा चांगला बनवलेला पाइप तुमच्या वापरात पंधरा वर्षं गेला असं धरू, तर वर्षाला २,८३२. जवळजवळ बरोबरी. पूर्ण पॅकेज घेतलंत तर तेच वर्षाला ६,१३६ पडतात. म्हणजे मधला पर्याय घेतलात तर पैसे वाचतही नाहीत आणि बुडतही नाहीत, दर पाच वर्षांनी गाडी पुन्हा रॅम्पवर चढवायची कटकट तेवढी जाते. पूर्ण पॅकेजमध्ये मात्र वर्षाला तीन-साडेतीन हजार निव्वळ हौसेचे. हौस असायला हरकत नाही, पण ती हौस या नावानेच लिहून ठेवा.

लोखंड पाच वर्षांत का जातं, हेही सांगतो, कारण त्यात एक फुकटचा उपाय आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब पळली तर पाइप तापतो आणि ती वाफ बाहेर पडते. रविवारी दोन-तीन किलोमीटर जाऊन परत शेडमध्ये लावली तर मफलर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी आतच साचतं आणि सायलेन्सर आतून सडत जातो. म्हणजे कमी वापराने तो जास्त लवकर जातो. गाडी काढाल तेव्हा अर्धा-पाऊण तास सलग चालवा. मफलरच्या सर्वांत खालच्या जागी पाणी झिरपायला बारीक भोक ठेवायला सांगा.

कोटेशनमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे नुसतं 'एस.एस. पाइप' लिहिलंय. कुठल्या ग्रेडचा, किती जाडीचा, काहीच नाही. आपल्याकडे ३०४ सांगून २०२ गळ्यात मारण्याचे प्रकार सर्रास चालतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच, आणि लोहचुंबक लावून बघायची आपली युक्ती इथे उपयोगाची नाही, कारण तो दोघांनाही चिकटत नाही. २०२ गंजाला लवकर बळी पडतं आणि मग वरचं पंधरा वर्षांचं गणित कोसळतं. तेव्हा बिलावर 'एस.एस. ३०४' आणि मिलिमीटरमध्ये जाडी लिहून घ्या, पाइपचं मिल सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा ग्रेडचा दाखला, मागा. ग्रेड तपासायचं थेंब टाकायचं लिक्विड पाइपच्या व्यापाऱ्यांकडे असतं. कापण्याआधी तुमच्यासमोर दोन थेंब टाकायला सांगितल्यावर जो फॅब्रिकेटर रागावतो, त्याच्याकडे काम देऊ नका.

आणखी एक. स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त लांबतं. तीन मीटरच्या पाइपात तापमान तीनशे अंशांनी वाढलं तर ३०४ जवळपास १५ मिलिमीटर वाढतं, साधं लोखंड ११ च्या आसपास. पाइप जागोजागी घट्ट जखडला तर वेल्डिंग तडकतं. रबरी हँगर आणि मध्ये एक लवचीक जोड बसवणीच्या त्या ६,००० मध्येच धरलाय का, हे विचारा.

आवाजाबद्दल तुम्ही लिहिलंय की 'थोडा भारी साउंड' हवाय. नका. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील. तुमचा सायलेन्सर तर बेचाळीस हजारांचा असणार.

व्हिंटेज नोंदणी करावी का, हा तुमचा उपप्रश्न. गाडीला पन्नास वर्षं झाली, चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं आहे, म्हणजे २०२१च्या नियमांप्रमाणे ती पात्र ठरू शकते. शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं, 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट. पण मग ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. लेकीला घेऊन साताऱ्याला जाणं त्यात बसत नाही. तेव्हा ती भानगड नको. साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. तुमच्या आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झालंय. शिवाय पर्यावरण कर. ही रक्कम तुमच्या हिशेबात कुठेच दिसली नाही.

तसंच पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आणि तुमच्या गाडीतले रबरी पाइप, डायफ्रॅम, गॅस्केट त्या जमान्यातले असतील तर इथेनॉल त्यांना मानवत नाही. पेट्रोलचा पाइप फुटून तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल गळणं म्हणजे काय, ते सांगायला नको. इंधनाच्या लाइन आणि ब्रेक यांचा खर्च सायलेन्सरच्या आधी. काही हजारांत भागेल.

आता घर. पगार १ लाख १० हजार. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, एसआयपी १५,०००, घरखर्च ४५,०००. शिल्लक १२,०००. बचत खातं आणि एफडी मिळून २ लाख २० हजार. नोकरी गेली तर हप्ता आणि घरखर्च धरून महिन्याला ८३,००० लागतील. सहा महिन्यांचे पाच लाख होतात. तुमच्याकडे त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणून एफडीला हात लावायचा नाही. तीच तर तुमची अडीअडचणीची पुंजी आहे.

लोनचंही सांगतो. ९२,०४० रुपये १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता ४,४२० च्या आसपास आणि व्याज १४,००० च्या वर. म्हणजे व्याजाच्या रकमेत नेहमीच्या सायलेन्सरवाल्याकडचा अख्खा नवा सायलेन्सर आला असता.

मला सायलेन्सरपेक्षा जास्त काळजी वाटली ती तुमच्या विम्याची. ५० लाखांची टर्म पॉलिसी आणि गृहकर्ज बाकी ३१ लाख. तुमच्यामागे कर्ज फेडून १९ लाख उरतील आणि आजच्या खर्चाने ते साडेतीन वर्षांत संपतील. मुलगी आत्ता नववीत आहे. आणखी एक कोटीचं कव्हर घ्या, याच महिन्यात. गाडीचं काम त्यानंतर.

मग पैसे असे. शिल्लक १२,००० मधले सहा हजार अडीअडचणीच्या पुंजीत, सहा हजार गाडीच्या नावाने वेगळ्या रिकरिंगमध्ये. सात महिन्यांत ४२ हजार होतात. एप्रिलपासून सुरू केलंत तर पावसाळा मध्ये निघून जातो, गाडी तशीही झाकलेलीच असते, आणि दिवाळीला काम करून घेता येतं. विम्याचा प्रीमियम आणि ब्रेक-पाइपचा खर्च याच पैशांतून गेला तर संक्रांत उजाडेल. उजाडू दे. तोवर गाडी काढायची असेल तर सडलेल्या जागी वेल्डिंगचं थिगळ आत्ताच लावून घ्या आणि गाडीचा तळाचा पत्रा कुठे फुटलाय का तेही बघा. फुटक्या सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड तळातून आत येतो. त्याला वासही नसतो आणि रंगही. मागच्या सीटवर मुलगी बसते. थिगळ लागेपर्यंत गाडी शेडमध्येच राहू द्या.

पत्नीच्या अ‍ॅक्टिव्हाचं काय, हे मी ठरवणार नाही. पण त्यांना रोज रिक्षाला किती पडतात, ते विचारा. महिन्याला दोन हजारांच्या वर असतील तर आधी स्कूटर आणि मग सायलेन्सर, असा माझा कल आहे. तोपर्यंत १३,५०० वाला लोखंडी बसवला तरी काही बिघडत नाही. वर्षाचा खर्च सारखाच आहे हे आपण वर पाहिलं.

फॅब्रिकेटर ७० टक्के अ‍ॅडव्हान्स मागतोय, तो देऊ नका. तीस टक्के मालासाठी, चाळीस टक्के पाइप गाडीवर टाके मारून बसवून दाखवल्यावर, उरलेले रोड टेस्ट आणि जीएसटीचं पक्कं बिल हातात आल्यावर. आणि जुना सायलेन्सर सडका असला तरी त्याच्याकडे सोडून येऊ नका. भंगारात त्याचे दोन-चारशे रुपये येतील, पण वळणं आणि हँगरच्या जागा मोजायला मूळ नमुना तोच आहे.