नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याला शिधा नेताय? आधी हे बघा

पहिल्यांदाच शिधा वाटणार असाल तर वीसच घरं धरा, पण नीट करा. आधी गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना भेटून यादी घ्या; एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं त्यांनाच माहीत असतात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा घरी म्हातारी माणसंच उरतात. खरी ओढाताण पावसाळ्यात, नवं पीक हाती येण्याआधी असते.

चार माणसांना पंधरा दिवसांसाठी तांदूळ १० किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, मीठ १ किलो, शिवाय तिखट, हळद, गूळ, साबण. इकडचं जेवण भात-नागलीचं (नागली म्हणजे नाचणी), त्यामुळे गव्हाचं पीठ नकोच. पावसाळी हवेत ते लवकर किडतं, जाळी धरतं.

सगळ्यात जास्त घोटाळा तेलाच्या पिशवीचा. घाटात गोण्या एकमेकींवर दाबल्या की तिचा जोड सुटतो आणि तेल थेट डाळीत मुरतं. साबणाशेजारी ठेवलेल्या तांदळालाही वास लागतो. तेल आणि साबण वेगळ्या खोक्यात न्या, दारात पोचल्यावरच द्या.

आणि कृपा करून शिधा घेणाऱ्याचे फोटो काढू नका. हिशेबाला यादीवरची सही किंवा अंगठा पुरतो.